मागं सरणारी भिंत

“आज दाजींना पुढं धडकायला लावू नकोस,” मी इंद्रजितला म्हणाले.

तो कॉलेजच्या मैदानाच्या पायरीवर बसून बुटांत नाड्या ओवत होता. मान वर न करताच म्हणाला, “आक्का, दाजींचं कामच ते आहे. उद्या न्हाव्याला म्हणशील, केस तेवढे कापू नका.”

“चेष्टा नको. खांदा निखळला होता त्यांचा. पंधरा दिवस झाले.”

आता त्यानं मान वर केली. “कुठला?”

“डावा. डॉक्टरांनी बसवून दिलाय, पण सहा आठवडे खेळायचं नाही म्हणालेत. शर्टाचं वरचं बटण सकाळी मी लावून देते. तेवढासुद्धा हात वर जात नाही.”

“मग बाहेर बसू देत की! मी सांगतो सरांना.”

“खबरदार!” मी रेणूला दुसऱ्या कडेवर घेतलं. ती दहा महिन्यांची होती आणि तिला त्याच्या हेल्मेटची जाळी ओढायची होती. “मी बोलले हे कळलं तर आयुष्यभर तोंड बघायचे नाहीत माझं. तालमीतली माणसं ती. दुखणं बाहेर सांगायचं नाही, आणि घरच्या बाईनं तर नाहीच नाही.”

“मग मी करू काय?”

“फेकून खेळ. पळवायचं बंद ठेव आजच्या दिवस. फेकताना ते नुसते उभे तर असतात. पळवताना समोरच्याच्या छातीवर जाऊन आदळतात. तो आवाज मला ऐकवत नाही इंद्या.”

तो नाडीचं टोक बोटाला गुंडाळत बसला. मग म्हणाला, “नुसतं फेकून खेळलं की समोरच्यांना अंदाज येतो गं.”

“येऊ दे. एकच दिवस.”

“बरं,” तो म्हणाला. मी मागितलेलं त्यानं कधी नाही म्हटलं नव्हतं. वडील गेल्यावर मीच त्याचा अभ्यास घेतला होता, मीच त्याला फी भरायच्या रांगेत उभं केलं होतं. “दाजींना मात्र यातलं काही कळायला नको, एवढं तू बघ.”

“नाही कळणार.”

हा अमेरिकेतला फुटबॉल. पायानं कमी आणि हातानं जास्त खेळायचा. कोल्हापुरात तो बेनाडीकर सरांनी आणला आणि संघाला राधानगरीच्या जंगलातल्या गव्यांचं नाव दिलं. पुढच्या फळीला दांडगी माणसं हवीत म्हणून ते थेट तालमीत गेले. पाच पैलवान ओळीनं वाकून उभे राहायचे. त्यांना आम्ही भिंत म्हणायचो. भिंतीमागं चेंडू घेऊन क्वार्टरबॅक, म्हणजे माझा भाऊ. चेंडू पुढं न्यायचे दोन मार्ग. एक तर तो तौफिक मुजावरच्या पोटाशी द्यायचा, मग भिंत पुढं घुसून वाट फोडायची आणि तौफिक त्या वाटेनं पळत सुटायचा. नाहीतर इंद्रजितनं लांब फेकायचा, आणि तो फेकेपर्यंत भिंतीनं एकेक पाऊल मागं घेत, नुसत्या हातांनी समोरच्यांना थोपवून धरायचं. इंद्रजित उजव्या हातानं फेकायचा, त्यामुळे फेकताना डावीकडून कोण येतंय ते त्याला दिसायचं नाही. त्या डाव्या टोकाला हंबीरराव, म्हणजे आमचे हे.

मेहुण्याची पाठ दाजी राखतो, असं सगळे कौतुकानं म्हणायचे. मलाही बरं वाटायचं. दोघं एका मैदानावर घाम गाळायचे, पण एकमेकांना काही सांगायचं झालं की माझ्यातर्फे. जावयानं सासरच्या माणसाकडं तोंड उघडून काही मागायचं नाही, हा यांच्या घरचा शिरस्ता. आणि दाजींना उलटून काही विचारायचं नाही, ही इंद्रजितला आईची शिकवण. “तुझ्या भावाला सांग” आणि “दाजींना विचार” यांच्यामध्ये माझी चार वर्षं मजेत गेली होती.

सामना पुण्याच्या संघाशी होता. फेब्रुवारीतलं दुपारचं ऊन, अडीचची वेळ. मंडपाच्या कडेला खुर्च्या मांडलेल्या. पहिल्या रांगेत हैदराबादच्या मोठ्या संघासाठी खेळाडू निवडायला आलेले दोघे गॉगल लावून बसले होते. माझ्या शेजारी यांच्या तालमीचे ज्ञानू वस्ताद होते. सत्तरी ओलांडलेली, कान चुरगळलेले, मांडीवर शेंगांची पुडी. हा खेळ ते पहिल्यांदाच बघत होते.

“पोरी, ह्यात चीतपट कुठं धरत्यात?”

“चीतपट नसतं वस्ताद. चेंडू त्या टोकाला न्यायचा.”

“मग एवढी माणसं कशाला? एकाला सायकल द्या.”

पहिला अर्धा तास नुसता आनंद होता. इंद्रजितनं शब्द पाळला. चेंडू असा सुटायचा की हवेत त्याची नुसती रेघ दिसायची. पहिल्या दहा मिनिटांत गव्यांनी दोनदा टोक गाठलं. पोरं शिट्ट्या मारत होती. हैदराबादवाल्यांपैकी एकानं गॉगल कपाळावर सरकवला. आणि मी यांच्याकडे बघत होते. कुठं आदळआपट नाही, धप्प आवाज नाही. हे दोन पावलं मागं घ्यायचे, हात पुढं धरायचे, समोरचा येऊन अडायचा, तेवढ्यात चेंडू गेलेला असायचा. मी रेणूच्या कानात म्हटलं, “बघ, बाबा कसे आरामात आहेत.”

ज्ञानू वस्तादांनी शेंग फोडायची थांबवली होती.

“पोरी, हंबीर मागं का सरालाय?”

“तसंच असतं वस्ताद. फेकताना मागं सरायचं.”

“हरेक वेळेला?”

“आज हरेक वेळेला.”

त्यांनी ओठ आत ओढले. “मागं चालणाऱ्या पैलवानाच्या पायात जोर राहत न्हाई. कुणी काढली ही अक्कल?”

मी रेणूचं टोपरं नीट करत बसले.

मला आकडे धरून ठेवायची सवय आहे, संख्याशास्त्रात पदवी घेतली त्याआधीपासूनची. त्या दिवशी मोबाइलवर खुणा करत होते. पूर्वार्ध संपला तेव्हा तेवीस वेळा फेकला होता, तीनदा पळवला होता. ते तीनही बेनाडीकर सरांनी ओरडून ओरडून पळवायला लावलेले. आणि शेवटच्या आठ फेकींत इंद्रजित दोनदा चेंडूसकट खाली पडला होता. पुण्याच्या पोरांना अंदाज आला होता. आधी ती वाकून, चाचपडत उभी राहायची, न जाणो तौफिक घुसेल म्हणून. आता त्यांच्यातला एक्क्याण्णव नंबरचा उंच पोरगा रेषेपासून लांब, शर्यतीला उभा राहावा तसा उभा राहायचा आणि चेंडू हलला रे हलला की भरधाव यांच्या अंगावर यायचा.

“काय पैलवान,” तो एकदा यांना मोठ्यानं म्हणाला, “आज रिव्हर्स गियरच टाकलाय का?” त्याच्या बाजूची सगळी पोरं हसली.

हे गुडघ्यावर हात टेकून उभे होते, आणि दोन्ही हात नव्हते टेकलेले. एकच होता.

मध्यंतरात मी पाण्याची बाटली घेऊन गेले. हे मंडपाच्या बांबूला टेकून बसले होते. तोंड काळवंडलेलं. रेणूनं झेप घेतली तर तिला घ्यायला उजवा हात तेवढा पुढं आला.

“दुखतंय?” मी हळूच विचारलं.

“ते सोड. तुझ्या भावाला सांग, पळव म्हणावं.”

“अहो...”

“ऐक. आत्ता जाऊन सांग. चार वेळा सलग पळव म्हणावं. समोरच्यांना थोडं मागं रेटू दे आम्हाला.”

“पण पळवताना तुम्हाला धडकावं लागतंय. खांदा...”

ते माझ्याकडे बघून हसले. लहान मुलीला काहीतरी समजावून सांगताना हसतात तसे. “अगं येडे, पळवताना मी जातो त्याच्या अंगावर. मला ठाऊक असतं कधी जायचं, कुठल्या खांद्यानं जायचं. मी उजव्यानं जातो. फेकताना तो येतो. कुठल्या बाजूनं येणार ते तो ठरवणार, आणि मी मागच्या पायावर. तेवीस वेळा आला. दर वेळेला पळत. आता तर त्याला ठाऊकच आहे, कुणी त्याला धक्का देणार नाही. पाचही जणांचं तेच झालंय. श्वास पुरंना झालाय. एकदा जरी त्याला पाडला ना, तरी पुढच्या खेपेला दबकत येईल तो.”

“सांगते,” मी म्हणाले.

“नक्की सांग. इंद्याची पाठ आहे मागं.”

इंद्रजित वीस पावलांवर बसला होता, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन. मी निघाले तेव्हा खरंच सांगायचं म्हणून निघाले होते. पण त्या वीस पावलांत माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत राहिली. यांना धडकायचंय. हिणवलंय ना त्या पोरानं, तेच लागलंय. पैलवान माणूस, चारचौघांत मागं सरावं लागतंय त्याची लाज वाटतेय. खांदा पुन्हा निखळला तर कायमचा सैल होईल, हे डॉक्टर मला एकटीला बाजूला घेऊन म्हणाले होते. यांना कुठं माहीत होतं?

“आक्का, दाजी काय म्हणत होते?” इंद्रजितनं टॉवेल काढला. त्याची हनुवटी सोलवटली होती. “त्या एक्क्याण्णवनं मला दोनदा लोळवला. दाजींचा तोल जायला लागलाय गं. मला वाटतं, थोडं पळवावं. तौफिक नुसता उभा आहे. सरही ओरडायला लागलेत.”

“दाजी बरे आहेत,” मी म्हणाले.

“नक्की?”

“मी बोलून आले ना आत्ता? चालू आहे तसंच चालू दे म्हणाले.”

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मला वाटलं आता विचारेल, दाजी असं म्हणतील कसे? पण दाजींचं उलटून विचारायचं नसतं. तेवढ्यात शिट्टी झाली.

“बरं,” तो म्हणाला आणि हेल्मेट चढवलं.

मी परत येताना यांनी लांबूनच भुवया उंचावून विचारलं. मी मान डोलावली.

उत्तरार्धात एकदाही पळवला नाही. बेनाडीकर सर रेषेवर नाचायचे शिल्लक होते. “तौफिकला दे! अरे तौफिकला दे!” इंद्रजित त्यांच्याकडे हात करायचा, राहू द्या म्हणून. मागच्या खुर्चीतला एक जण म्हणाला, “हैदराबादचे पाहुणे आल्यात न्हवं, हीरो व्हायचंय त्याला.” दुसरा म्हणाला, “आणि तो दाजी बघा, भिंत कसली, कुडाची झोपडी हाय.” मी मागं वळून बघितलं नाही.

यांच्याकडे बघवत नव्हतं, आणि नजर हटतही नव्हती. दर खेपेला त्यांची पाठ इंद्रजितच्या आणखी जवळ जायची. एक्क्याण्णव कधी आतून यायचा, कधी बाहेरून. त्यांचा डावा हात आता वर येत नव्हता. उजव्या एका हातानं थोपवायचे, छाती मध्ये घालायचे. एका फेकीनंतर ते वळून इंद्रजितकडे बघत राहिले. नुसतं बघत. त्या नजरेत राग नव्हता, आश्चर्य होतं. निरोप पोचूनही हा असं का करतोय, एवढंच. इंद्रजितनं नजर खाली घातली. मी सांगितलेलं पाळत होता तो.

मी तेव्हाही उठू शकले असते. रेषेपर्यंत जाऊन ओरडता आलं असतं, “इंद्या, पळव!” बायका ओरडतच होत्या, मी ओरडले असते तर कुणाला काही वाटलं नसतं. मी उठले नाही. एकेचाळीस, मी खूण केली. मला वाटत होतं, नऊ मिनिटं राहिलीत, निभेल.

बेचाळिसाव्या फेकीला इंद्रजितनं हात मागं नेला. एक्क्याण्णव बाहेरून आला, आणि हे त्याला अडवायला डाव्या पायावर वळले. डावा हात आपसूक वर गेला असणार, सवयीनं. पुढचा आवाज मी ऐकला नाही. इतके दिवस ज्या आवाजाची भीती घेतली होती तो झालाच नाही. हे गुडघ्यावर बसले, एवढंच दिसलं. आणि त्यांच्यावरून तो पोरगा इंद्रजितच्या पाठीत गेला. इंद्रजितचा हात अजून वरच होता. तो तसाच त्याच्या अंगाखाली आला.

ज्ञानू वस्ताद उठून उभे राहिले. शेंगा सगळ्या मातीत.

“मारलं,” ते म्हणाले. “पैलवानाला मागं चालवून मारलं.”

संध्याकाळी सहाला दोघंही एकाच दवाखान्यात, शेजारशेजारच्या खाटांवर, मध्ये हिरवा पडदा. यांचा खांदा पुन्हा बसवला होता, हात गळ्यात बांधला होता. इंद्रजितचं कोपराच्या वरचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. डॉक्टर दर थोड्या वेळानं येऊन म्हणायचे, “मनगट वर उचला बघू.” तो उचलायचा प्रयत्न करायचा. मनगट तसंच लटकायचं. नस चेपली आहे, वेळ लागेल, म्हणाले. किती वेळ, ते नाही म्हणाले. हैदराबादवाल्यांपैकी एक जण येऊन गेला, इंद्रजितच्या चांगल्या हाताला हात लावून गेला.

रेणू माझ्या खांद्यावर झोपली होती. मी दोन खाटांच्या मध्ये, पडद्यापाशी उभी होते.

हे उठले. नर्स म्हणाली, “अहो, झोपून राहा,” तरी उठले. पडदा सरकवून इंद्रजितच्या पायथ्याशी उभे राहिले. लग्नानंतरच्या चार वर्षांत ते पहिल्यांदा त्याच्याशी थेट बोलले, मला मध्ये न घेता.

“एकदा पळवायचा होतास रे,” ते म्हणाले. “एकदा.”

इंद्रजितनं लटकलेल्या मनगटाकडे बघितलं.

“पाच जण मागं सरून सरून मेलो आम्ही. तो पोरगा चाळीस वेळा आला. मी त्याला एकदा तरी पाडला असता, तर तो तुझ्यापर्यंत पोचला नसता. एवढं तर तुला कळतं. हा खेळ मी तुझ्याकडं बघूनच शिकलो.”

“होय दाजी.”

“तुझ्या आक्काकडनं निरोप धाडला होता मी. मध्यंतरात. मिळाला नव्हता?”

इंद्रजितनं माझ्याकडे बघितलं.

क्षणभरच बघितलं असेल. आधी त्याच्या कपाळाला आठी पडली. कसला निरोप, अशी. मग ती आठी हळूहळू गेली. सगळं त्याच्या ध्यानात येत असताना मला दिसत होतं. मी तोंड उघडलं होतं. रेणूचा गरम श्वास मानेवर लागत होता.

“मिळाला होता,” इंद्रजित म्हणाला.

“मग?”

“हैदराबादचे बघत होते. हौस आली फेकायची. चुकलं दाजी.”

“हौस,” हे म्हणाले.

त्यांनी मान हलवली. शिवी दिली असती तरी बरं झालं असतं. त्यांनी चांगल्या हातानं त्याच्या पायावरची चादर सारखी केली, मूल झोपल्यावर करतात तशी, आणि पडदा ओढून घेतला.

त्याला आता अकरा वर्षं झाली. इंद्रजित पुन्हा खेळला नाही. मनगट पुष्कळसं आलं, बोटं पूर्ण सरळ होत नाहीत. सही डाव्या हातानं करतो. हे त्याच्या लग्नाला आले नाहीत, बारशाला आले नाहीत. कुणी विचारलं तर म्हणतात, “भला पोरगा आहे, पण ऐनवेळी स्वतःपुरतं बघतो.” राग असा नाही. कुणाची उंची सांगावी तसं सांगतात, आणि रेणूनं ते इतक्यांदा ऐकलंय की मामाविषयी तिचंही तेच मत झालंय. इंद्रजितला मी फोनवर एकदा म्हणाले, मी सांगून टाकते आता. तो म्हणाला, “आक्का, माझ्यावर रुसून त्यांचं काही अडत नाही. तुझ्यावर रुसले तर जेवायला कुठं बसतील?” आणि हसला. मग रेणूच्या परीक्षेचं विचारलं.

तेव्हा, त्या संध्याकाळी, आम्ही दवाखान्याच्या जिन्यावरून खाली उतरत होतो. हे एक पायरी पुढं होते. खांदा बांधलेला, त्यामुळे कठड्याला धरून, जपून पाऊल टाकत होते. अर्ध्यावर थांबून म्हणाले, “तुझी काही चूक नाही. तू निरोप दिलास. तुझ्या हातात तेवढंच होतं.”

“अहो,” मी म्हणाले.

ते वळले. “काय?”

खाली पोर्चमध्ये तालमीतली चार-पाच पोरं उभी होती, आमची वाट बघत. रेणूनं झोपेतच मान वळवली आणि गाल माझ्या खांद्यावर टेकला.

“काही नाही,” मी म्हणाले. “हळू उतरा.”